विम्याचा हप्ता आणि मंडळाची वर्गणी

न्यू टाउनमधील विश्व बांगला गेटच्या कमानीखालून जाताना आमच्या पिढीच्या माणसाला अजूनही थोडे परके वाटते. आम्ही ज्या कलकत्त्यात उतरलो त्या कलकत्त्यात ट्रामची घरघर होती, डलहौसी चौकातल्या कचेऱ्या होत्या आणि हाजरा रोडच्या आसपास दोन-चार मराठी बिऱ्हाडे हमखास सापडत. राजारहाटच्या शेतांतून व भेड्यांतून हे नवे नगर उभे राहू लागले ते १९९९ नंतर. येथल्या रुंद रस्त्यांवर आता बँकांच्या व विमा कंपन्यांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी एका इमारतीवरील पाटी प्रस्तुत लेखकाला दर वेळी क्षणभर थांबवते. ती आहे नॅशनल इन्शुरन्स कंपनीची पाटी. या कंपनीचे मुख्य कार्यालय आता न्यू टाउनमध्ये आहे. कंपनीची स्थापना मात्र ५ डिसेंबर १९०६ ची, म्हणजे स्वदेशीच्या ऐन भरातली.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत विम्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, परप्रांतातील मराठी मंडळे ज्या माणसांच्या कष्टांवर उभी राहिली त्यांत रेल्वे, टपाल, बँक आणि विमा या चार खात्यांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती. पहिल्या तिघांविषयी अधूनमधून लिहिले जाते. विम्याच्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. तो दारी आला की आतून “घरात नाहीत म्हणून सांग” असा आवाज येतो, हीच त्याची आपल्या वाङ्मयातील ओळख! लेखकानेही या व्यवसायात आयुष्य काढले असल्यामुळे ही तक्रार जरा अधिक जोराने मांडली जात असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विम्याचा हिंदुस्थानातील इतिहास सुरू होतो तोही याच शहरात. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली. ती गोऱ्या लोकांसाठी होती. पुढे बाबू मोतीलाल शील यांच्यासारख्या गृहस्थांच्या खटपटीने विलायती कंपन्या एतद्देशीयांचे विमे उतरवू लागल्या, परंतु आपल्या लोकांकडून त्या जादा हप्ता घेत. काळ्या माणसाच्या प्राणाला धोका अधिक, असा तो हिशेब होता. हा भेद मोडला तो १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने. एतद्देशीयांचे विमे तिने नेहमीच्याच दराने उतरवले. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांना पंचाहत्तर रुपये वेतन आणि तीन हजार रुपयांचा आयुर्विमा, अशी योजना होती. त्यागाच्या गोष्टी सांगताना हा तीन हजारांचा विमा आपण विसरतो. पण ज्यांनी आपला संसार पंचाहत्तर रुपयांवर बांधून घेतला, त्यांना आपल्यामागे बायकामुलांचे काय होईल ही चिंता होतीच, आणि संस्थेनेही ती मान्य केली होती.

१९०६ हे वर्ष बंगाली आणि मराठी माणसाच्या संबंधांतले एक मोठे वर्ष. वंगभंगाचा वणवा पेटलेला होता. जूनमध्ये लोकमान्य टिळक शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्यात आले. ज्या बंगालमध्ये ‘बर्गी’ या शब्दाने आया मुलांना निजवीत आणि ज्या शहराने १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात शिवछत्रपतींचा उत्सव भरावा, हा चमत्कार एका दिवसात घडला नाही. त्यामागे सखाराम गणेश देऊस्कर यांची कित्येक वर्षांची लेखणी होती. देवघरजवळ जन्मलेला हा मराठी गृहस्थ बंगालीत लिहीत असे. त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि १९१० साली सरकारने तो जप्त केला. देशाचा पैसा कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातो, याचा तो पाढा होता. विलायती कापड ही त्यांतली दिसणारी वाट. विम्याच्या हप्त्याची वाट दिसत नसे. महिन्याकाठी पाच-दहा रुपये हजारो घरांतून लंडन-एडिंबरोच्या कंपन्यांकडे जात. डलहौसी चौकातील स्टँडर्ड लाइफची भव्य इमारत त्या दिवसांची साक्ष म्हणून अजून उभी आहे.

तेव्हा स्वदेशी कापडाबरोबर स्वदेशी विमाही आला. १९०६ मध्ये कलकत्त्यात नॅशनल व नॅशनल इंडियन, मद्रासेत युनायटेड इंडिया, लाहोरात को-ऑपरेटिव्ह अशा कंपन्या निघाल्या. १९०७ मध्ये हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स सोसायटी जन्मली ती जोडासांकोच्या ठाकूरवाड्यातील एका खोलीत. अंबिकाचरण उकील आणि सुरेंद्रनाथ ठाकूर ही तिच्या स्थापकांतली नावे. हे सुरेंद्रनाथ म्हणजे सत्येंद्रनाथ ठाकुरांचे चिरंजीव, रवींद्रनाथांचे पुतणे. सत्येंद्रनाथ पहिले हिंदी आय.सी.एस.; त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

साताऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. याच गावात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले या वकिलांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई नव्हे, पुणे नव्हे, सातारा! पेढ्यांच्या व किल्ल्याच्या गावात आयुर्विम्याची कंपनी काढणे हे त्या काळी धाडसच. विम्याच्या धंद्याला जे भांडवल लागते त्यात पैशापेक्षा पत मोठी. आज हप्ता भरणाऱ्याला तीस वर्षांनी, किंवा त्याच्या माघारी, रक्कम मिळेल हा भरवसा कागदावर छापून येत नाही. तो माणसाच्या तोंडाकडे पाहून येतो. अण्णासाहेबांच्या तोंडाकडे पाहून लोकांनी हप्ते भरले. १९३६ साली त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँकेचीही स्थापना केली. ती पुढे सत्तर वर्षे चालली आणि २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. आयुर्विमा महामंडळाचे विभागीय कार्यालय आजही साताऱ्यात आहे.

कलकत्त्याच्या बाजूला अण्णासाहेबांच्या तोडीचा, आणि सार्वजनिक जीवनात त्यांच्याहून कितीतरी अधिक गाजलेला विमाव्यावसायिक म्हणजे नलिनीरंजन सरकार. १८८२ साली मैमनसिंग जिल्ह्यात जन्म, घरची गरिबी, पदवीवाचून शिक्षण अर्धे राहिलेले. १९११ मध्ये ते हिंदुस्थान को-ऑपरेटिव्हमध्ये लहानशा जागेवर लागले आणि तिचे सूत्रधार झाले. देशबंधूंच्या स्वराज्य पक्षाचे ते कार्यकर्ते, कलकत्त्याचे महापौर, व्यापारी महासंघाचे अध्यक्ष, १९३७ मध्ये बंगालचे अर्थमंत्री. हे सारे करताना विम्याशी त्यांनी नाते तोडले नाही. चित्तरंजन अव्हेन्यूवरील हिंदुस्थान बिल्डिंग ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या संस्थेच्या वैभवाची कल्पना येईल.

आपल्या दृष्टीने नलिनीबाबूंच्या आयुष्यातील एक प्रसंग विशेष आहे, आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नसतो. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जे हिंदी सभासद घेतले गेले त्यांत नलिनीबाबू होते आणि यवतमाळचे लोकनायक बापूजी अणेही होते. दोघांवरही त्या वेळी टीका झाली. सरकारात जाणे म्हणजे शत्रूच्या पंगतीला बसणे असे अनेकांना वाटे. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याला आगाखान राजवाड्यात कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा अणे, सरकार आणि सर होमी मोदी या तिघांनी एकदमच राजीनामे दिले. टिळकांच्या तालमीतला वऱ्हाडी वकील आणि मैमनसिंगचा विमेवाला, दोघांचे राजकारण एक नव्हते. पण राजीनाम्याच्या दिवशी दोघांची मती एक झाली. हे शहर आणि आपला मुलूख यांच्या मैत्रीचे दाखले देताना आपण नेहमी कवींची व संतांची नावे घेतो. या दोन व्यवहारी माणसांचे नाव त्यांच्या शेजारी घ्यायला हरकत नसावी.

नलिनीबाबूंच्या अध्यक्षतेखालील समितीनेच देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात अशी शिफारस केली. त्यातून १९५१ मध्ये खडगपूरची आणि १९५८ मध्ये आपल्या पवईची संस्था उभी राहिली. आपल्या मंडळातील ज्या घरांतली मुले खडगपूरला शिकली त्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९५३ च्या जानेवारीत नलिनीबाबू वारले. त्यांची संस्था सरकारजमा झालेली पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

ती गोष्ट घडली तीन वर्षांनी, आणि घडवणारा माणूस मराठी होता.

चिंतामणराव देशमुखांचे चरित्र येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. १८९६ च्या जानेवारीत महाडजवळ नाते येथे जन्म, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री हा आलेख शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. कलकत्त्याशी त्यांचा संबंध मात्र कमी जणांना ठाऊक आहे. बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे ते १९४५ ते १९६४ अशी एकोणीस वर्षे अध्यक्ष होते.

१९५६ पर्यंत आयुर्विम्याच्या धंद्यात अनेक कंपन्या चांगल्या होत्या, काही कशाबशा चालत होत्या आणि काही उघड वाईट होत्या. दहा वर्षांत पंचवीस कंपन्या बुडाल्या, आणि आणखी पंचवीसांनी आपली पुंजी इतकी उधळली की त्यांचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवावा लागला, असे स्वतः देशमुखांनीच सांगितले होते. विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांत वळवल्याचा मोठा प्रकार नुकताच उघडकीस आला होता. तेव्हा राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झाला, आणि तो पराकाष्ठेचा गुप्त ठेवला गेला. बातमी फुटली असती तर कपाटे रिकामी व्हायला एक रात्र पुरली असती. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश निघाला. आधी व्यवस्थापन ताब्यात घ्यावयाचे आणि मालकी मागाहून कायद्याने, अशी ती योजना होती. त्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला ही बातमी सांगितली. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, मिळून २४५ दुकानांच्या किल्ल्या सरकारकडे आल्या.

वाचकांनी त्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहावे. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून केली होती. मुंबईत गोळीबार चालू होता. गिरगावात, परळ-लालबागला रस्त्यांवर रक्त सांडत होते. आणि त्याच आठवड्यात, कुलाब्याच्या मतदारांनी निवडून दिलेला हा माणूस ध्वनिक्षेपकासमोर बसून विमेदारांना त्यांच्या पैशाबद्दल निश्चिंत राहा असे सांगत होता. त्याच्या मनात काय चालले असेल? त्यांनी मंत्रिपद सोडण्याची इच्छा त्याच महिन्यात कळवली होती. प्रत्यक्षात ते बाहेर पडले जुलैमध्ये. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली, असे त्यांनी लोकसभेत स्पष्ट सांगितले.

काही मंडळी त्यांच्यावर ठपका ठेवीत की जानेवारीतच का गेले नाहीत, सहा महिने का घालवले? लेखकाचे मत वेगळे आहे, आणि ते विमेवाल्याचे मत आहे. २४५ कंपन्यांच्या किल्ल्या हाती घेऊन, कायदा न करता, लाखो लोकांचे हप्ते अधांतरी टाकून निघून जाणे हे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. आयुर्विमा महामंडळाचा कायदा जूनमध्ये संमत झाला आणि १ जुलैपासून अमलात आला. त्याच महिन्यात ते गेले. १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ सुरू झाले तेव्हा त्याचा जनक सरकारात नव्हता. हा योगायोग असेल. लेखकाला तो तसा वाटत नाही.

महामंडळाच्या बाल्यातच एक किटाळ आले तेही कलकत्त्याच्याच वाटेने. येथील उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातील शेअर महामंडळाने १९५७ मध्ये घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत त्याचा जाब विचारला, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी उघड्या सभागृहात चौकशी केली आणि अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. विमेदारांचा पैसा म्हणजे कुणाच्याही तिजोरीची भरती नव्हे, हा धडा लवकर मिळाला ते बरेच झाले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण पुढे १९७२ मध्ये झाले, तेव्हा आपल्या न्यू टाउनच्या नॅशनलमध्ये एकवीस परदेशी आणि अकरा हिंदी कंपन्या विलीन झाल्या.

देशमुख त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठ, इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि दुर्गाबाईंबरोबरचे समाजकार्य यांत ती सारी वर्षे गेली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेस ते निवर्तले.

एवढा इतिहास सांगितला तो एका माणसाची गोष्ट सांगता यावी म्हणून. त्यांचे नाव येथे देत नाही. छापील नावाची त्यांना चीड होती. आम्ही सारे त्यांना नाना म्हणत असू. ऐन तारुण्यात ते साताऱ्याकडच्या एका विमा कचेरीत चिकटले, १९५६ मध्ये टेबल-खुर्चीसह महामंडळात आले आणि काही वर्षांनी बदली होऊन कलकत्त्यास पोहोचले. बदली तीन वर्षांची होती. ते परत गेले नाहीत. वयाच्या नव्वदीपलीकडे, याच शहरात, त्यांनी देह ठेवला.

नानांचा रविवारचा क्रम ठरलेला असे. धोतर, कोट, काखेत दोन पुस्तके: एक मंडळाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक आणि दुसरी काळ्या कापडाच्या पाठीची वही. त्या वहीत मंडळातील कुटुंबांच्या विमापत्रांचे क्रमांक आणि हप्त्यांच्या तारखा लिहिलेल्या असत. वर्गणी मागता मागता ते विचारीत, “मार्चचा हप्ता गेला का हो?” पुष्कळांना ही आगंतुक चौकशी वाटे. गणपतीच्या मांडवातही त्यांनी एकदा एका गृहस्थाला गाठून सवलतीचे दिवस संपत आल्याची आठवण दिली आणि आरतीच्या वेळी ही काय भाषा, म्हणून बोलणी खाल्ली.

एक प्रसंग लेखकाच्या डोळ्यांसमोरचा आहे. हुगळीकाठची एक ज्यूट गिरणी बंद पडली. तेथे हिशेबनीस असलेले आपले एक सभासद घरी बसले आणि विम्याचा हप्ता भरणे सोडून देतो म्हणाले. कार्यकारिणीत सूचना आली की मंडळाच्या शिलकीतून त्यांचा हप्ता भरावा. सर्वांचे मन द्रवले होते. विरोध केला तो एकट्या नानांनी. मंडळाचा पैसा गणपतीसाठी आणि ग्रंथालयासाठी जमवलेला आहे, ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लागला पाहिजे, असे त्यांनी निक्षून सांगितले. सभेत कुजबुज झाली. एकदोघांनी त्यांना दगडाच्या काळजाचे म्हटले. खरे सांगायचे तर लेखकही त्या दिवशी त्यांच्यावर रागावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्या गृहस्थांच्या घरी गेले. विमापत्र मागून घेतले. तीन वर्षांहून अधिक हप्ते भरलेले होते, म्हणजे त्याला समर्पणमूल्य आले होते आणि त्याच्या तारणावर महामंडळाकडूनच कर्ज मिळू शकत होते. नानांनी अर्ज स्वतः लिहिला, सही घेतली, कचेरीत स्वतः फेऱ्या घातल्या. कर्जाच्या रकमेतून थकलेला हप्ता भरला गेला, पुढचाही भरला गेला. कोणाचे उपकार नाहीत, कोणाची भीक नाही. त्या माणसाने आपल्याच पैशाने आपला विमा जिवंत ठेवला. वर्ष सरायच्या आत ते गृहस्थ गेले. कर्ज व व्याज वजा जाऊन उरलेली रक्कम त्यांच्या पत्नीच्या हाती पडली आणि मुलांची शिक्षणे पुरी झाली. ज्या कुटुंबाची ही हकिकत, त्यांच्या संमतीनेच ती येथे दिली आहे.

पुढे कोणी त्या सभेची आठवण काढली की नाना म्हणत, “मंडळाने भरला असता तर दोन हप्ते भरला असता. मग?” एवढेच.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत ते न्यू टाउनमध्ये मुलीकडे राहायला आले होते. संध्याकाळी काठी टेकीत त्या विमा कचेरीच्या इमारतीपर्यंत आम्ही फिरायला जात असू. इतक्या काचा कशाला, असे ते म्हणत; आत हिशेब बरोबर असला म्हणजे झाले. आता घराघरांत हप्ते फोनवरून आपोआप जातात, सवलतीचे दिवस मोजायला नाना लागत नाहीत. वर्गणीही तशीच जाते. सोय झाली खरी, पण मार्चमध्ये कुणाच्या घरी काय चालले आहे हे मंडळाला कळण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली.

ती काळ्या पाठीची वही त्यांच्या मुलीने लेखकाकडे दिली आहे. पाने पिवळी पडली आहेत, काही क्रमांक वाचता येत नाहीत. तारखांपुढे नानांनी बारीक अक्षरात खुणा केल्या आहेत: हप्ता पोहोचला की बरोबरची खूण, आठवण दिली की एक टिंब. एका नावापुढे ओळीने नऊ टिंबे आहेत आणि शेवटी बरोबरची खूण. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी ग्रंथालयाच्या टेबलावर ही वही ठेवण्यात येईल. ज्यांच्या वडिलांची अथवा आजोबांची नावे तीत असतील त्यांनी ती जरूर पाहावीत. आणि नऊ टिंबांचे ते नाव कोणाचे, हे लेखकाला विचारू नये.